नायकाचा संडास कुठे आहे?

डोंबिवलीच्या आमच्या चाळीत माझी एक मावशी लग्नं जुळवायची. धंदा म्हणून नव्हे, हौस म्हणून. मिळालंच तर एखादं पातळ, नाहीतर स्टीलचा डबा. पत्रिका, फोटो, सगळा कारभार तिच्याकडे पिशवीत असायचा. पण कोणी स्थळ घेऊन आलं की ती पगार विचारत नसे, शिक्षणही नाही. तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "संडास आत की बाहेर?"

उत्तर मिळालं की पुढचं फारसं विचारावं लागत नसे. बाहेर म्हणजे चाळ. चाळ म्हणजे एक खोली, फार तर दीड. त्याच खोलीत सासू-सासरे, दीर, अभ्यासाला आलेला कुठलातरी भाचा. पोरीला पहाटे उठून पाणी भरायचं, आणि नव्या नवरीने डबा घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत जायचं तेही सगळ्या चाळीदेखत. आत म्हणजे ब्लॉक, आणि ब्लॉक म्हणजे घरातलं कोणीतरी बँकेत, रेल्वेत नाहीतर एलआयसीत चिकटलेलं. चार शब्दांत मावशीने समोरच्याची अख्खी परिस्थिती काढलेली असायची.

परिस्थिती हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. वर्ग, वर्गभेद, वर्गसंघर्ष हे शब्द आपण पुस्तकांत वाचतो आणि एक मेला ऐकतो. घरात वर्ग म्हणजे शाळेतला, आणि क्लास म्हणजे गणिताची शिकवणी. खऱ्या वर्गभेदाला आपण घरात परिस्थिती म्हणतो, आणि तेही आवाज खाली आणून. "मुलगा सोन्यासारखा आहे हो, पण परिस्थिती..." हे वाक्य कधीच पूर्ण होत नाही. ऐकणाऱ्याने मान हलवायची असते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत कमी खर्चात केलेले, हलकेफुलके, 'तो असा, ती तशी' छापाचे मराठी प्रेमपट मी भरपूर पाहिलेत. काहींना मनापासून हसले, एक-दोन ठिकाणी रडलेही. पण मावशीचा प्रश्न त्यांतल्या जवळजवळ कोणीच विचारत नाही. गरीब नायक गरीब आहे हे आपल्याला त्याच्या शर्टावरून आणि बोलीवरून कळतं. तो राहतो कुठे, झोपतो कुठे, सकाळी कुठल्या रांगेत उभा असतो, हे कळत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मला छोटी वाटत नाही. परिस्थिती ज्या गोष्टींतून दिसते त्या पडद्यावर आणायला पैसे लागत नाहीत: एक बादली, एक मोरी, एक चुकीच्या जागी काढलेली चप्पल. म्हणजे ह्या विषयासाठी छोट्या बजेटचा सिनेमाच सगळ्यात लायक. तरीही आपले छोटे सिनेमे मोठ्या सिनेमातून डरकाळ्या फोडणारा बाप उसना आणतात, भांडण त्याच्या गळ्यात घालतात आणि हसायचं काम गरीब पोरावर सोपवतात.

हे आपल्याला एकेकाळी जमत होतं. १९७० साली राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' आला. गावाकडच्या ऐसपैस घरातली मुलगी लग्न होऊन मुंबईच्या चाळीत येते आणि नवराबायकोला एकमेकांशी दोन शब्द बोलायला जागा सापडत नाही, एवढीच गोष्ट. दोनच वर्षांनी बासू चटर्जींनी तीच हिंदीत 'पिया का घर' म्हणून केली. ह्या गोष्टीत खलनायक नाही. सासू चांगली, सासरा चांगला, दीर गोड. आड येते ती भिंत, म्हणजे खरं तर नसलेली भिंत. आपण हसतो ते त्या जोडप्याच्या अडचणीला, आणि हसताना कुठेतरी माहीत असतं की ही अडचण कायद्याने केलेली आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी गोठवली. भाडेकरू हलेना, मालक डागडुजी करीना, आणि नवी खोली घ्यायची तर पागडी, म्हणजे आधी मोजायची ठोक रक्कम, परवडेना. त्यामुळे कुटुंबं वाढत गेली तरी खोली तेवढीच राहिली. त्या सिनेमात कायद्याचं नाव कोणी घेत नाही, घ्यायची गरजही नव्हती. थिएटरात बसलेले अर्धे लोक तशाच खोलीतून आलेले होते.

'छोटी सी बात'मधली परिस्थिती तर आणखी बारीक आहे. नायक बेस्टच्या बसच्या रांगेत उभा, आणि नायिकेच्या ऑफिसातला दुसरा उमेदवार स्कूटरवर. बस! दोघेही नोकरदार, दोघेही पांढरपेशे, दोघांत अंतर फक्त दोन चाकांचं. पण त्या दोन चाकांमुळे एकजण तिला सोडायला जाऊ शकतो आणि दुसरा बसस्टॉपवर राहतो. मग आपला हिरो ईर्ष्येने जुनी मोटारसायकल विकत घेतो, ती बंद पडते, आणि त्याला फसवलं गेलंय हे कळतं. शेवटी तो खंडाळ्याला एका कर्नलकडे आत्मविश्वास शिकायला जातो. हॉटेलात कसं बसायचं, समोरच्याला कसं गप्प करायचं, हे जणू विकत घेण्याचे गुण आहेत अशी ती शिकवणी. अमोल पालेकरांचा तो बिचारा चेहरा आपण प्रेमातली भिडस्तता म्हणून पाहिला. मला तो आता कनिष्ठ मध्यमवर्गाचा चेहरा वाटतो: वेटरने मेन्यूकार्ड पुढे केलं की ज्याची नजर आधी उजवीकडच्या आकड्यांवर जाते, त्याचा.

सई परांजपेंच्या 'कथा'तही हेच खेळवलंय. शं. गो. साठ्यांच्या 'ससा आणि कासव' ह्या नाटकावरचा तो सिनेमा. चाळीतला साधा कारकून आणि त्याच्याकडे येऊन टेकलेला थापाड्या मित्र. मित्राकडेही पैसा नाहीच, पण पैशाची ऐट आहे, आणि सगळी चाळ त्या ऐटीवर भाळते. चाळ काही भोळी नाही. तिला वर जायचंय, आणि तो वर गेलेल्या माणसासारखा दिसतो, एवढं पुरतं. १९८३ सालचा सिनेमा. त्याच्या आदल्या वर्षी, १९८२ च्या जानेवारीत, गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले होते. ह्या दोन गोष्टींचा संबंध दिग्दर्शिकेने जोडला होता असं मी म्हणत नाही. पण चाळीतल्या माणसाला ऐटबाज माणसाची भुरळ पडायला तो काळ अगदी योग्य होता.

मग काय झालं? सिनेमातली घरं मोठी झाली. आणि गंमत अशी की ती मोठी झाली बजेट लहान असल्यामुळे.

हे ऐकायला उलटं वाटेल. शूटिंग जवळून पाहिलेल्या कोणालाही विचारा. दहा बाय बाराच्या खोलीत कॅमेरा, दिवे, ध्वनिमुद्रणवाला आणि चार नट मावत नाहीत. चाळीत शूटिंग म्हणजे शेजारच्या टीव्हीचा आवाज, नळाच्या वेळा, गॅलरीत जमलेली पोरं, आणि 'आमच्या दारासमोर दिवा लावायचा नाही' म्हणणारे एक काका. सेट उभारायचा तर पैसे नाहीत. त्यापेक्षा मुंबईच्या मढ बेटावरचा भाड्याचा बंगला बरा, किंवा निर्मात्याच्या मेव्हण्याचा पुण्यातला रो हाऊस त्याहून बरा. तिथे शांतता आहे, पार्किंग आहे, वरच्या मजल्यावर मेकअपला खोली आहे. मराठी निर्मात्याचे हिशेब किती घट्ट असतात याचा अंदाज हवा असेल तर राज्य सरकारचं अनुदान बघा. 'अ' दर्जाच्या चित्रपटाला चाळीस लाख आणि 'ब' दर्जाला तीस, आणि तेवढ्या रकमेकडे कितीजण डोळे लावून बसलेले असतात. अशा हिशेबात फुकट मिळालेला बंगला कोण सोडेल? म्हणून पटकथेत लिहिलेला 'मध्यमवर्गीय फ्लॅट' पडद्यावर येतो तेव्हा त्याला बाल्कनीत झोपाळा असतो आणि स्वयंपाकघरात मधोमध ओटा असतो, ज्याभोवती चारी बाजूंनी फिरता येतं. माझ्या ओळखीत असा ओटा एकाच घरी आहे आणि त्या घरातला मुलगा टेक्सासमध्ये असतो.

'मुंबई-पुणे-मुंबई' हा २०१० सालचा सिनेमा मला आवडतो, हे आधीच सांगून टाकते. दोनच मुख्य नट, एक दिवस, एक शहर. कमी पैशांत काय करता येतं याचा तो धडाच आहे. पण त्याच्या यशातून जो रस्ता पडला त्यावर पुढे आलेल्या बऱ्याच सिनेमांत दोघांची परिस्थिती सारखीच असते, आणि म्हणून अडचण मनात शोधावी लागते. त्याला निर्णय घेता येत नाही. तिला जुनं नातं आठवतं. ह्या अडचणी खोट्या नाहीत, पण त्या ज्यांना घराचा हप्ता भरल्यावर वेळ उरतो त्यांच्या आहेत. आणि ह्या सिनेमांतली जोडपी मरीन ड्राइव्हवर चार-चार तास फिरतात, पण मुलीला कधी लघवीला लागत नाही. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' नावाची बायकांची मोहीम चालली, ती काय उगाच? ह्या शहरात पैसे नसलेल्या मुलीने प्रेम करायचं म्हणजे घरून निघताना पाणी कमी पिऊन निघायचं. पैसे असले तर कॅफेत शिरता येतं. परिस्थितीतला फरक तिथे इतका सरळ, शारीरिक असतो.

आता 'टाइमपास'कडे येते, कारण हा विषय निघाला की तो निघतोच. ३ जानेवारी २०१४ ला आला, आणि महाराष्ट्राने तो डोक्यावर घेतला. रिक्षावाल्याचा, दहावी नापास झालेला दगडू परब आणि लेल्यांची प्राजक्ता. रवी जाधवांनी नव्वदीतलं पौगंडवय इतकं अचूक पकडलं होतं की मीही थिएटरात शिट्टी मारायची बाकी राहिले होते. भाऊ कदमांनी केलेला बाप मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. त्या बापाच्या चेहऱ्यावर पोराच्या निकालाची लाज आणि पोराबद्दलची माया एकाच वेळी असते. असा बाप आपल्या सिनेमात क्वचित दिसतो.

तरीही हिशेब मांडूच. दगडूने तोंड उघडलं की हशा. त्याचं हिंदीमिश्रित मराठी, त्याच्या शपथा, त्याच्या मित्रांची टोपणनावं. लेल्यांकडे हसायला काहीच नाही असं नाही. वैभव मांगल्यांचा माधव लेले चिडका आहे, टकला आहे, पोरांनी त्याचं नाव शाकाल ठेवलंय. पण त्याला आपण हसतो ते त्याच्या स्वभावाला. दगडूला हसतो ते त्याच्या परिस्थितीला. तो ज्या भाषेत वाढला, ज्या गल्लीत वाढला, तीच विनोद आहे. लेल्यांचं शुद्ध मराठी मात्र प्रमाण धरलेलं आहे, त्याला कोणी हसत नाही. खरं तर शुद्ध बोलण्याच्या हट्टाइतकी हास्यास्पद गोष्ट मराठी घरात दुसरी नाही. 'भेटलं' म्हणणाऱ्या जावयाला 'मिळालं' शिकवणारे सासरे मी स्वतः पाहिलेत, आणि त्या जावयाचा पगार सासऱ्यांच्या निवृत्तिवेतनाच्या चौपट होता. ह्याच्यावर सिनेमा निघत नाही.

आणि पुढे काय होतं पाहा. दुसऱ्या भागात, वर्षांनंतर, दगडू पैसेवाला झालेला आहे. म्हणजे प्रेक्षकांना शेवट गोड हवा असेल तर परिस्थितीचा प्रश्न असा सुटतो: गरीब नायकाने गरीब राहायचं नाही. हा काही एका सिनेमाचा दोष नव्हे. परीकथेतला बेडूक राजपुत्र झाल्याशिवाय राजकन्येचं लग्न लागत नाही, तशीच आपली रीत. पण मग ज्या बापाने त्याला दारातून हाकललं तो बरोबरच होता की! त्याचं म्हणणं एवढंच होतं की असा मुलगा मला चालणार नाही. तो तसा राहिलाच नाही.

तो सिनेमा पाहून मी ठाण्यात रिक्षात बसले. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "टाइमपास ना? कसा आहे?" म्हटलं, छान आहे, बघाच. तो म्हणाला, "बघणार. मोबाइलवर येऊ दे." आमच्या दोन तिकिटांचे आणि पॉपकॉर्नचे पैसे मिळवायला त्याला तो सबंध दिवस रिक्षा चालवावी लागली असती. २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा चांगल्या वेळेत दाखवायला लावला तेव्हा मलाही आनंद झाला होता, पण त्या आदेशात तिकिटाचा दर नव्हता. लालबागचं भारतमाता थिएटर वर्षानुवर्षं गिरणगावाला परवडेल अशा दरात मराठी सिनेमा दाखवत आलं. तिथे दगडूवर हशा पडला असेल तो वेगळा असणार. तिथे लोक स्वतःला हसतात. मल्टिप्लेक्समध्ये आम्ही कोणाला हसत होतो, याचा विचार माझ्या मनात तोवर आलाच नव्हता.

एक गोष्ट मी इतका वेळ बाजूला ठेवली. परब आणि लेले. सिनेमात जातीचा उच्चार नाही, पण आडनावं आहेत, आणि महाराष्ट्रात आडनाव सांगितलं की आणखी काय सांगायचं राहतं? त्या सिनेमातल्या गाजलेल्या नाचाच्या गाण्यात साजूक तुपातल्या पोळीला म्हावऱ्याचा नाद लागतो. सगळा महाराष्ट्र त्यावर नाचला आणि कोणालाही तळटीप लागली नाही. आपल्याकडे परिस्थिती हे पुष्कळदा जातीचं टोपणनाव असतं. मुलगा इंजिनीअर निघाला, घर स्वतःचं निघालं, संडास आत निघाला, की मग दुसरं अपुरं वाक्य बाहेर येतं: "तसं सगळं चांगलं आहे, पण आपल्यातले नाहीत." विवाहविषयक जाहिरातींनी ह्या दोन्हीला मिळून एक सभ्य शब्द शोधलाय: अनुरूप. अनुरूप स्थळ हवे. ह्या शब्दात जात, पैसा, रंग, उंची, आहार सगळं घडी घालून ठेवलेलं असतं. माझी मावशीही शेवटी अनुरूपच जुळवायची. संडास हा तिचा पहिला प्रश्न होता कारण जातीचा प्रश्न तिला विचारावाच लागत नसे. वेगळ्या जातीचं स्थळ तिच्या पिशवीत येतच नव्हतं.

देशभरातल्या मोठ्या पाहण्यांत आंतरजातीय लग्नांचं प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या आसपास निघतं. महाराष्ट्र सरकार अशा काही लग्नांना, म्हणजे एक जोडीदार अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त किंवा भटक्या जमाती, अथवा विशेष मागास प्रवर्गातला असेल तर, पन्नास हजार रुपये देतं. चांगली योजना. पण पन्नास हजारांत मुंबईच्या उपनगरात एका खोलीचं डिपॉझिटसुद्धा भागत नाही. घरातून पळून आलेलं जोडपं, त्या पन्नास हजारांच्या आशेवर खोली पाहणारं, दाखल्यांसाठी खेटे घालणारं, आणि ज्या जातीला मागे टाकून आलो तिचाच दाखला आणायला ज्या बापाने हाकललं त्याच्याकडे जाणारं. यापेक्षा चांगली विनोदी पटकथा कोणी सुचवली तर मी ऐकायला तयार आहे. अडचण एकच. ह्यात हसू कारकुनावर, कायद्यावर आणि बापावर येईल. जोडप्यावर येणार नाही.

'सैराट' हा प्रेमपट-विनोदपट नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण २०१६ साली तो पहिल्यांदा पाहताना मध्यंतरापर्यंत थिएटर हसतच होतं. विहीर, कॉलेज, चिठ्ठ्या, बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी पाटलाची पोर आर्ची, मासेमारी करणाऱ्या घरातला पोरगा. उत्तम, खेळकर प्रेमपट होता तो. मग नागराज मंजुळेंनी जे केलं ते कोणत्याच प्रेमपटाने केलेलं नव्हतं. त्यांनी जोडप्याला पळवून हैदराबादेत एका झोपडीत नेलं आणि कॅमेरा तिथेच ठेवला. आर्चीला त्या वस्तीत श्वास घेता येत नाही. ज्या घरात पाण्याचा तांब्याही कोणी तिच्या हातात आणून देत असेल, ती पोर तिथून येऊन कारखान्यात बाटल्या भरण्याच्या कामाला लागते. पोरगा डोशाच्या गाडीवर. भांडणं होतात, संशय येतो, हात उगारला जातो, ती निघून जाते, परत येते. परिस्थिती पडद्यावर आणायची ती अशी. तिथे बाप नाही, गुंड नाहीत, फक्त एक झोपडी आणि दोन माणसं. शेवटामुळे सैराट आपल्या लक्षात राहिला, पण मला विचाराल तर त्यातलं अवघड काम ह्या मधल्या भागात आहे. पुढे २०१८ मध्ये त्याचा हिंदी अवतार 'धडक' आला तेव्हा गोष्ट उदयपूरच्या हवेलीत गेली आणि जात इतकी पातळ झाली की श्रीमंत मुलगी आणि गरीब मुलगा एवढंच उरलं. परिस्थितीच्या पडद्याआड जात कशी सरकवतात, याचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

कोणी म्हणेल, बाई, संडासावर सिनेमा निघालाय की. निघालाय, २०१७ मध्ये, अक्षय कुमारचा. त्यात बायको संडासासाठी घर सोडून जाते. प्रश्न मावशीचाच होता. पण उत्तर देताना सिनेमा सरकारी मोहिमेच्या मांडीवर जाऊन बसला. सगळा दोष गावाच्या जुनाट विचारांचा निघाला, आणि खड्डा कोण उपसणार, हे कोणी विचारलं नाही. आपल्याकडे हा प्रश्न विचारला की लगेच जातीचं नाव पुढे येतं, म्हणून बहुधा.

मुंबईत प्रेम आणि परिस्थिती ह्यांच्याकडे खरंच बारकाईने पाहणारा सिनेमा मला मराठी भाषेबाहेर सापडला, आणि त्यातली नायिका मात्र मराठी निघाली. रोहेना गेरा यांचा 'सर'. २०१८ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, आपल्याकडे थिएटरात यायला २०२० उजाडलं. गावाकडची तरुण विधवा रत्ना मुंबईच्या एका उंच इमारतीत घरकामाला राहते आणि घराच्या तरुण मालकाचाच तिच्यावर जीव जडतो. तिलोत्तमा शोमने केलेली रत्ना मी विसरूच शकत नाही. ह्या सिनेमात कोणी ओरडत नाही. घराचा नकाशाच सगळं बोलतो: तिची खोली कुठे, तो जेवतो कुठे, ती जेवते कुठे. आणि सगळी गोष्ट एका हाकेवर तोललेली आहे. ती त्याला सर म्हणते, नावाने हाक मारू शकत नाही.

हे मराठीत करायला तर किती सोपं! आपल्या भाषेत परिस्थिती सर्वनामांत भरलेली आहे. मालकीण मोलकरणीला 'अगं' म्हणते आणि मोलकरीण वयाने मोठी असली तरी मालकिणीला 'ताई'. वॉचमनला 'ए', सोसायटीच्या सेक्रेटरीला 'अहो'. शाळेत न गेलेल्या बाईला आपण प्रेमाने 'मावशी' म्हणतो आणि मग तिला सर्व्हिस लिफ्टने पाठवतो. समजा एका मोठ्या सोसायटीतला मुलगा खालच्या इस्त्रीवाल्याच्या मुलीच्या प्रेमात पडला. तो तिला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणतो, कारण त्याला सवय आहे. ती त्याला 'तुम्ही' म्हणते, कारण तिलाही सवय आहे. हे बदलायला किती दिवस लागतील? कोण आधी बदलेल? तिने त्याला लोकांदेखत पहिल्यांदा 'अरे' म्हटलं तर लिफ्टमधल्या बायका काय करतील? एवढ्या एका शब्दावर अख्खा सिनेमा उभा राहील, आणि त्यासाठी एक लिफ्ट पुरते.

ह्यावर नेहमीचं उत्तर मला माहीत आहे: लोक थिएटरात हसायला येतात, त्यांना त्यांचीच अडचण कशाला दाखवायची? हे उत्तर मला कधी पटलं नाही. लोकांना स्वतःच्या अडचणीइतकं हसू दुसऱ्या कशाचं येत नाही, फक्त ती सांगणारा त्याच रांगेत उभा राहिलेला असावा लागतो. चाळीतल्या बायका नळावर एकमेकींना काय काय सांगून हसायच्या, ते मी ऐकलेलं आहे. त्यांतलं निम्मं इथे लिहिता येणार नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईतली चाळीस टक्क्यांहून जास्त माणसं झोपडपट्टीत राहतात. ती प्रेमात पडतातच. त्यांचे विनोद त्यांच्याकडे आहेतच. फक्त ते लिहिणारी माणसं अजून लेखकांच्या खोलीत पोचलेली नाहीत, आणि जी पोचली आहेत त्यांना तिथे गेल्यावर बंगल्यातला प्रसंग लिहायला सांगतात.

मला पाहायचा आहे तो प्रसंग असा. ब्लॉकमध्ये वाढलेली मुलगी पहिल्यांदाच त्याच्या चाळीत आली आहे. त्याच्या आईने कांदेपोहे केलेत, शेजारच्या खोलीतून चांगल्या बश्या आणल्यात. सगळं छान चाललंय. दुसऱ्या चहानंतर ती हळूच त्याला विचारते. त्याचा चेहरा उतरतो. इतका वेळ त्याने टीव्ही दाखवला, बापाचा सत्काराचा फोटो दाखवला, गॅलरीतून दिसणारा समुद्राचा तुकडा दाखवला, आणि ह्याच एका गोष्टीचं त्याला भान राहिलं नव्हतं. तो उठून बादली भरायला लागतो. आई ती त्याच्या हातातून ओढून घेते, म्हणते, तू बस. गॅलरीतली चार दारं एकाच वेळी उघडतात. रांगेत उभ्या असलेल्या काकू मागे सरकून म्हणतात, "जा गं, आधी तू जा, पाहुणी ना तू." मुलगी बादली घेऊन सगळ्या चाळीदेखत चालायला लागते. बादली जड आहे, पाणी तिच्या चपलांवर हिंदकळतंय. अर्ध्या वाटेवर ती थांबते, वळते आणि खोलीच्या दारात गोठून उभ्या असलेल्या त्याला मोठ्याने विचारते, "कडी लागते का रे?"

सगळी चाळ एका आवाजात सांगते, "नाही!"